तळं नसलेल्या तळ्याकाठची पत्रपेटी

बालमित्रांनो, पत्रपेटी कुठं असते? तुम्ही म्हणाल, ‘हा काय प्रश्न झाला? पोस्टाबाहेर, नाहीतर रस्त्याच्या कोपऱ्यावर!’ बरोबर. पण इंग्लंडमध्ये एक पत्रपेटी अशी आहे, की तिच्याजवळ ना रस्ता, ना घर, ना पोस्टमन. कित्येक मैल चिखल तुडवत गेलात तरच ती भेटते. जिच्यामुळं जगभरच्या लाखो लोकांना रानात डबे शोधायचा छंद लागला, त्या सगळ्या गमतीची ही पणजी. चला तर, आधी तिच्या गावाला जाऊ.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडं डेव्हन नावाचा परगणा आहे. तिथं डार्टमूर हे उंच माळरान पसरलेलं आहे. ‘मूर’ म्हणजे असंच ओसाड, झाडं फारशी नसलेलं, गवताचं आणि दलदलीचं पठार. १९५१ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्रफळ ९५४ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं एकत्र केली तरी त्यांच्याहून मोठं! त्याचं सर्वांत उंच ठिकाण हाय विल्हेज ६२१ मीटरवर आहे, जवळजवळ आपल्या लोणावळ्याइतकं. पण लोणावळ्यासारखी गर्द झाडी मात्र शोधू नका. इथं दिसतात टेकड्यांच्या माथ्यावर रचून ठेवल्यासारखे ग्रॅनाइटचे प्रचंड दगड. त्यांना तिथले लोक ‘टॉर’ म्हणतात. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली थिजलेला हा दगड, वरची जमीन झिजून गेल्यावर उघडा पडला. मधूनच रानात चरणारी ठेंगणी घोडी दिसतात. आणि धुकं? ते न विचारता येतं. आत्ता समोर दिसणारी टेकडी पाच मिनिटांत गायब होते! धुक्यात वाट चुकली, की ‘पिक्सी’ नावाच्या चिमुकल्या भुतांनी चकवा लावला असं इथले जुने लोक म्हणायचे. उपाय काय, तर अंगातला कोट उलटा करून घालायचा! आपल्याकडच्या चकव्याच्या गोष्टी आठवल्या ना? शेरलॉक होम्सची बास्करव्हिलच्या कुत्र्याची गोष्ट घडते तीही याच माळावर, बरं का.

या माळाच्या उत्तर भागात, अगदी आत, क्रॅनमिअर पूल नावाची जागा आहे. ‘पूल’ म्हणजे तळं. पण तिथं पोचल्यावर तळं शोधत बसू नका. आहे तो नुसता काळ्या मातीचा एक खोलगट खड्डा! पाणी कुठं गेलं? त्याचीही दंतकथा आहे. एका माणसाच्या पिशाच्चाला शिक्षा मिळाली, की चाळणीनं हे तळं उपसून काढ. चाळणीत पाणी राहणार कसं? पण पिशाच्च हुशार. त्याला मेंढीचं कातडं सापडलं, ते त्यानं चाळणीला आतून लावलं आणि तळं रिकामं करून टाकलं! म्हणतात, की त्या पाण्यानं खालचं ओकहॅम्प्टन गाव बुडायची वेळ आली.

खरी गोष्ट याहून साधी, पण तितकीच मजेची आहे. ही काळी माती म्हणजे ‘पीट’. थंड, ओल्या जागी गवत आणि शेवाळं पुरतं कुजत नाही. त्याचे थरावर थर साचत जातात. एक मिलिमीटर थर साचायला साधारण वर्ष लागतं, म्हणजे तुमच्या पट्टीएवढा थर व्हायला तीनशे वर्षं! ही माती स्पंजासारखं पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. म्हणून तर टॉ आणि डार्ट या नद्या याच भागात उगम पावतात. गंमत म्हणजे टॉ उत्तरेच्या समुद्राला जाते आणि डार्ट दक्षिणेच्या.

आता पत्रपेटीकडं वळू. १८५४ साली चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं क्रॅनमिअरला दगडांची छोटी रास रचली आणि तिच्यात एक बाटली ठेवली. तेव्हा इथं येणं म्हणजे मोठंच धाडस होतं. पेरट हौशी प्रवाशांना इथवर आणायचा आणि ते आपलं नाव छापलेलं कार्ड बाटलीत टाकायचे. ‘आम्ही येऊन गेलो’ याचा पुरावा! पुढं बाटलीच्या जागी पेटी आली, नावं लिहायला वही आली आणि रबरी शिक्काही आला. लोक स्वतःचा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड पेटीत ठेवू लागले. पुढचा माणूस येई तेव्हा तो ते कार्ड नेऊन खऱ्या पोस्टात टाकी. कार्ड घरी पोचायला चार दिवस लागोत की चार आठवडे, सगळं त्या अनोळखी माणसाच्या पायांवर आणि इमानावर! १९३७ मध्ये तर लोकवर्गणीतून तिथं दगडी पेटी बांधली गेली.

हळूहळू माळावर दुसऱ्या पेट्याही आल्या. १९७० च्या दशकानंतर तर त्यांना ऊत आला आणि संख्या हजारोंवर गेली. या पेट्या मात्र उघड्यावर नसतात. एखाद्या खडकाच्या कपारीत डबा, डब्यात वही आणि रबरी शिक्का. तो शिक्का आपल्या वहीत उमटवायचा आणि आपला शिक्का तिथल्या वहीत. ज्याच्या वहीत शंभर वेगवेगळे शिक्के जमले, त्याला ‘शंभरांच्या मंडळा’त प्रवेश!

पण लपवलेला डबा सापडतो कसा? इथं तुमची भूमिती कामाला येते. समजा, चिठ्ठीत लिहिलंय : ‘चर्चचा मनोरा ४० अंशांवर, टॉरचं टोक १३० अंशांवर.’ होकायंत्र हातात घ्या. उत्तर दिशा म्हणजे शून्य अंश, तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणं मोजायचं. आता नकाशावर मनोऱ्यातून एक रेघ काढा आणि टॉरमधून दुसरी. दोन रेघा एकाच बिंदूत छेदतात ना? डबा तिथंच! मग उरतात फक्त पावलं मोजायची.

दीडशे वर्षांनी या खेळाला एक धाकटं भावंड झालं, तेही थेट आकाशाच्या मदतीनं. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह तुम्हाला माहीतच आहेत. ते सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ‘आत्ता अमुक वाजले’ असा संदेश सतत पाठवत असतात. संदेश प्रकाशाच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, धावतो. तो यायला किती वेळ लागला यावरून उपग्रह किती दूर आहे ते कळतं. अशी निदान चार उपग्रहांची अंतरं मिळाली, की आपली जागा ठरते. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं जरी चुकलं, तरी उत्तर तीनशे मीटरनं चुकेल!

पूर्वी अमेरिकन सरकार सामान्य लोकांच्या संदेशात मुद्दाम घोळ घालत असे. त्यामुळं जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. २ मे २००० रोजी हा घोळ बंद झाला आणि चूक एकदम दहा-वीस मीटरवर आली. लगेच दुसऱ्या दिवशी, ३ मेला, ऑरेगन राज्यातल्या डेव्ह उल्मर यांनी बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत एक काळी बादली लपवली. आत वही, पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल आणि घेवड्याचा एक बंद डबा! त्या जागेचे अक्षांश-रेखांश त्यांनी इंटरनेटवर जाहीर केले आणि नियम सांगितला : काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा. तीन दिवसांत दोघांनी बादली शोधलीसुद्धा. त्याच महिन्यात या खेळाला ‘जिओकॅशिंग’ हे नाव मिळालं. आज जगभर असे तीस लाखांहून जास्त डबे लपलेले आहेत. थोडे आपल्या मुंबई-पुण्याकडंही आहेत. भूगोलाच्या पुस्तकातले अक्षांश-रेखांश फक्त पाठ करायचे नसतात, हे आता पटलं ना? अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्याचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, साधारण १.८५ किलोमीटर. आणि मिनिटाचा हजारावा भाग? जेमतेम तुमच्या बाबांच्या उंचीएवढा!

मित्रांनो, आता जरा गंभीर गोष्ट. या डब्यांना कुलूप नसतं आणि राखणदारही नसतो. कुणीही यावं आणि उचलून न्यावं. काही डबे जातातही. तरीही पेरटच्या बाटलीपासून सुरू झालेला हा खेळ पावणेदोनशे वर्षं होत आली तरी टिकून आहे, कारण बहुतेक लोक डबा होता तसा परत ठेवतात. पण इमानदार पायसुद्धा जमीन तुडवतातच. आठवतंय ना, वर्षाला एक मिलिमीटर? तीनशे वर्षांचं काम हजार बुटांखाली एका हंगामात उखडू शकतं. डार्टमूरवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी उभ्या केलेल्या दगडांच्या रांगा आणि थडगी आहेत. डब्याच्या नादात कुणी तो दगड हलवला, तर पुन्हा तसा कोण लावणार? म्हणून पेटीवाल्यांनी स्वतःलाच नियम घालून घेतले : प्राचीन अवशेषांत, भिंतींत पेटी नको, सिमेंट नको, धोक्याच्या जागा नकोत. जिओकॅशिंगमध्येही खणून पुरायला आणि खाऊ ठेवायला बंदी आहे, कारण वासानं प्राणी येतात. म्हणजे ती पहिली घेवड्याची बादली आजच्या नियमात बसलीच नसती!

आणखी एक धोका ऐका. २०११ साली इंग्लंडमधल्या वेदरबी गावात असाच एक डबा लोकांना बाँब वाटला. रस्ता बंद झाला, बाँबशोधक पथक आलं आणि डबा उडवून दिला गेला. क्रॅनमिअरचा भाग तर लष्कराच्या गोळीबार सरावाच्या हद्दीतच येतो. लाल निशाण वर असेल, तर पाऊल पुढं टाकायचं नाही म्हणजे नाही.

माळावर फिरायचा हक्कही आपोआप टिकत नाही. १९८५ च्या कायद्यानं डार्टमूरच्या मोकळ्या माळावर लोकांना हिंडायला मोकळीक दिली. पण रात्री तंबू ठोकून राहणं त्यात येतं का, यावर जमीनमालक कोर्टात गेले. २०२३ च्या जानेवारीत निकाल लोकांच्या विरुद्ध लागला, जुलैत वरच्या कोर्टानं तो फिरवला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लोकांचा हक्क कायम केला. अशा वेळी प्रत्येक उखडलेली जागा आणि फेकलेला कागद विरोधकांच्या हाती आयता पुरावा देतो.

तुम्हाला हा खेळ खेळायचाय? मग सह्याद्रीत जाऊन दगड उलथेपालथे करू नका. खाली विंचू बसलेला असायचा! किल्ल्याच्या तटबंदीतही काही लपवू नका. स्टेशन आणि बसस्टँडवर तर नकोच, बेवारस वस्तूबद्दलची सूचना तुम्ही ऐकलीच असेल. शाळेचं मैदान किंवा सोसायटीचं आवार पुरे. गुरुजींची किंवा आई-बाबांची परवानगी घ्या. भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे तुम्ही चित्रकलेच्या तासाला केले असतीलच. तसाच खोडरबर कोरून स्वतःचा शिक्का बनवा. झाकण घट्ट बसणारा डबा घ्या आणि त्यावर मोठ्या अक्षरात ‘हा खेळ आहे’ असं लिहून आपल्या वर्गाचं नाव टाका. आत वही ठेवा. मग होकायंत्राचे अंश आणि पावलं लिहून चिठ्ठी मित्राच्या हाती द्या. फक्त एक लक्षात ठेवा, पावलं कुणाची मोजायची तेही चिठ्ठीत लिहा. पहिलीतल्या पिंटूची वीस पावलं आणि पीटीच्या सरांची वीस पावलं एकाच जागी थोडीच पोचणार?