दहा पाईकांचा महिना

२०२३ च्या डिसेंबरात एका लग्नाच्या निमित्ताने पुण्यास जाणे झाले आणि दोन रात्री मुलाच्या खोलीवर मुक्काम पडला. मुलगा संगणकाच्या क्षेत्रात नोकरीस आहे, वय सत्तावीस. खोली एकट्या राहणाऱ्या तरुणाची असते तशीच होती. परंतु खिडकीखालच्या टेबलावर जे दिसले त्याने मी पिशवी हातात तशीच धरून उभा राहिलो. टेबलावर एक सबंध सैन्य उभे होते. एकेक सैनिक माझ्या अंगठ्याच्या पेरांएवढा. कोणाच्या शिरस्त्राणाला शिंगे, कोणाचा वर्ण हिरवा, कोणाचे सुळे ओठांबाहेर आलेले. अर्धे रंगवलेले, अर्धे करड्या प्लास्टिकचे, बोडके.

भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. डाव्या बाजूस चार मित्रांची नावे, वरच्या ओळीत बारा महिने, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. हजेरीपटावर मान मोडून ज्याची तीस वर्षे गेली, त्याला असा कागद वाचल्याशिवाय पुढे जाववत नाही. मी विचारले. मुलाने जरा बिचकतच सांगितले. चौघेही हे सैनिक विकत आणतात. आणताना उत्साह असतो, मग ते खोक्यात पडून राहतात. म्हणून त्यांनी आपसांत एक पण केला होता. महिन्याच्या पहिल्या तारखेस प्रत्येकाने आपला आकडा बोलायचा आणि शेवटच्या रविवारी तेवढे सैनिक रंगवून समोर मांडायचे. कोणाचे काम अधिक सुबक याची चढाओढ नाही. बोललेला आकडा पुरा झाला की नाही, एवढेच पाहायचे. ज्याचा आकडा भरला नाही त्याने सर्वांना मिसळ खाऊ घालायची.

माझ्या ओठांवर एक वाक्य आले होते, ते मी गिळले. गिळले, कारण तेच वाक्य मी बारा वर्षांपूर्वी एकदा उच्चारले होते.

ते सांगायचे तर आधी निपाणीला जावे लागेल. माझे बालपण तेथे गेले. १९७८-७९ च्या सुमारास आमच्या गल्लीत दिवाळीचा किल्ला ही मुलांची सर्वांत मोठी बांधकाम-योजना असे. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ. गल्लीच्या टोकाला वखार होती. तेथील फाटकी गोणपाटे मागून आणायची, लाल मातीच्या राड्यात बुडवायची आणि विटा-दगडांच्या ढिगावर पसरायची, की डोंगर तयार. त्या डोंगराला तंबाखूचा वास येई. आजही किल्ला म्हटला की मला प्रथम तो उग्र वास आठवतो, मागून महाराज आठवतात. डोंगरावर आळीव पेरायचे, वाटांवर रांगोळी टाकायची. मावळे मात्र आम्ही चौघे मित्र न रंगवलेलेच आणत असू, कारण ते स्वस्त पडत. गेरू, हळद, चुना, काजळी आणि डिंकाचे पाणी एवढ्यावर आमचे रंगकाम चाले. नागपंचमीपासून दर रविवारी प्रत्येकाने किती रंगवायचे हे ठरलेले असे. तेव्हा भिंतीवर कागद नव्हता, वखारीच्या दारावर कोळशाच्या रेघा होत्या, एवढाच फरक.

त्यांतले सात घोडेस्वार मी जपून ठेवले होते. सात कशाचे, हे या भागातील वाचकांस सांगावयास नको. नेसरी आमच्यापासून दूर नाही. गडहिंग्लज तालुक्यातील ती खिंड मी शाळेच्या मुलांना घेऊन अनेकदा पाहिली आहे. बहलोलखानाला पेचात पकडूनही प्रतापराव गुजरांनी सोडून दिले, त्यावरून महाराजांनी कठोर शब्दांत कान उघाडणी केली, आणि तो शब्द काळजात रुतलेला सेनापती २४ फेब्रुवारी १६७४ रोजी अवघ्या सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडला. सातही जण पडले. पुढे १६८० साली महाराजांनी राजारामांचा विवाह प्रतापरावांच्या कन्येशी, जानकीबाईंशी लावला. हा दुसरा भाग मुले परीक्षेत सहसा लिहीत नाहीत. मी शिकवताना तो कधी गाळत नाही.

माझ्या मुलाच्या हाती ते सात स्वार तो पाच वर्षांचा असताना आले. दरवर्षी त्यांत तो नवे मावळे मिळवी. आम्ही तेव्हा बेळगावात राहावयास आलो होतो. अंगणातल्या पेरूखाली त्याचा किल्ला असे आणि सात स्वारांची जागा ठरलेली असे. २०११ साली तो दहावीत होता. दिवाळी ऑक्टोबरात आली, एस. एस. एल. सी. ची परीक्षा एप्रिलात. मुख्याध्यापकाच्या मुलाला किती गुण पडतात याकडे गावाचे लक्ष असते, निदान मुख्याध्यापकाची तशी समजूत असते. दसऱ्याच्या सुट्टीत हा अभ्यास टाकून तासन् तास मावळे रंगवीत बसे. एके दिवशी मी म्हणालो, "मिशा फुटल्या तरी बाहुल्यांशी खेळतोस?" तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चालले असते. दुसऱ्या दिवशी तो शिकवणीला गेला असताना मी त्याची सगळी टोपली उचलली आणि पलीकडच्या गल्लीतील लहान मुलांना देऊन टाकली. सात स्वारांसह.

तो आला, रिकामी जागा पाहिली, काही बोलला नाही. जेवायला बसला. त्याची आई त्या रात्री माझ्याशी बोलली नाही, पण तिचे न बोलणे मला समजणारे होते, त्याचे नव्हते. परीक्षेत त्याला उत्तम गुण मिळाले आणि मी स्वतःस बरोबर ठरवून मोकळा झालो. पेरूखाली पुन्हा किल्ला झाला नाही. मी गुपचूप त्या गल्लीत जाऊन पाहिले होते, दिवाळी संपल्यावर. मातीची चित्रेच ती. फुटून गेली होती.

पुण्यातल्या त्या टेबलासमोर उभा असताना हे सारे माझ्यापुढे होते. मी खुर्ची ओढून बसलो आणि विद्यार्थ्यासारखा विचारू लागलो. हा खेळ 'वॉरहॅमर' नावाचा. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या 'गेम्स वर्कशॉप' या कंपनीचा, १९८३ पासूनचा. त्यातील राक्षस आणि यक्षसदृश जाती टॉल्किनच्या कादंबऱ्यांच्या वळणावर गेलेल्या. मला त्यात परके काही वाटले नाही. ज्याने नाथमाधवांचे 'वीरधवल' कंदिलाच्या उजेडात चोरून वाचले आहे, त्याला मायावी सैन्यांचे वावडे कसे असेल? एच. जी. वेल्ससारख्या जगन्मान्य लेखकाने १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचे नियम सांगणारे 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहिले, तेव्हा तो पंचेचाळिशी ओलांडलेला गृहस्थ होता. ब्राँटी भावंडांच्या वडिलांनी १८२६ च्या जूनमध्ये मुलासाठी बारा लाकडी शिपाई घरी आणले. मुलांनी त्यांना नावे दिली, राज्ये दिली, त्यांच्या कथा चिमुकल्या वह्यांत लिहून काढल्या, आणि त्यांतल्याच मुली पुढे थोर कादंबरीकार झाल्या. त्या वडिलांनी टोपली उचलून दिली नव्हती.

त्या रात्री मुलाने माझ्या हाती एक कुंचला दिला. आधी सैनिकाला सपाट अस्तर द्यायचे. मग मूळ रंग. मग काळपट तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून वरून सोडायचा; तो आपोआप वस्त्रांच्या चुण्यांत, बोटांच्या बेचक्यांत उतरतो आणि सावली पडल्यागत दिसते. शेवटी जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा, की कडा उजळतात. सारे काही तळापासून डोळ्यांपर्यंत २८ मिलिमीटरच्या आत. आमच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी अगदी शेवटी, सर्वांत कसलेला हात करतो. हा मात्र डोळे आधी रंगवीत होता. कारण विचारता म्हणाला, "चुकलं तर चेहऱ्याच्या रंगानं झाकता येतं. शेवटी चुकलं तर सगळंच गेलं."

मी खाली मान घालून म्हणालो, "त्या वेळी टोपली मी द्यायला नको होती रे."

त्याने कुंचला पाण्यात खळबळला. "माहीत आहे बाबा," म्हणाला, "तो हात लावू नका, ओला आहे अजून."

यावर मी काय बोलणार? थोड्या वेळाने मीच म्हणालो, "तुमच्या कागदावर पाचवी ओळ निघेल काय?" त्याने माझ्याकडे पाहिले, उठला, पट्टी घेऊन रेघ मारली आणि माझे नाव लिहिले. जानेवारीचा आकडा विचारला. मी दहा म्हणालो. महाराजांच्या पायदळात दहा जणांवर एक नाईक असे आणि पाच नाईकांवर हवालदार; दर महिन्यास एका नाईकाची तुकडी, असा माझा हिशेब. त्याला तो आवडला असावा, कारण मित्रांना त्याने तो फोनवर लगेच सांगितला.

घरी आल्यावर पहिली अडचण मावळ्यांचीच. खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली, तेथे खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही आहे. त्या बाजूच्या एका ओळखीच्या कुंभाराकडे गेलो. तो हसला. "जानेवारीत मावळे? गुरुजी, आता माठांचे दिवस. मग गणपती. मग तुमचे मावळे." तरी माझा लकडा पाहून त्याने जुने साचे काढले आणि विटकरी, भाजलेली चाळीस चित्रे करून दिली. सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातील टेबलाचा निम्मा भाग मला तोडून दिला, सीमा स्पष्ट आखून. सीमाभागातील माणसाला याहून अधिक काय सांगावे!

साच्यातून निघालेली दहाच्या दहा चित्रे एकसारखी असतात. मातीत त्यांना नाव नसते, गाव नसते. रंग चढू लागला की काहीतरी घडते. एकाची भुवई जरा वर जाते आणि तो संशयी होतो. एकाच्या मिशीत पांढरी रेघ पडते आणि तो दोन लढाया पाहिलेला पाईक होतो. शाळेत पटावरची साठ नावे घेताना जे होते तेच. माझी दृष्टी आता पूर्वीची नाही, म्हणून सुताराकडून भिंगाला लाकडी घोडा करून घेतला. तरी फेब्रुवारीच्या तुकडीतले तिघे तिरळे झाले. त्यांना मी तसेच ठेवले आहे.

मार्चमध्ये परीक्षांनी चारच झाले; जूनमध्ये शाळा सुरू होताना पाठ्यपुस्तके, पटनोंदणी, गळके छप्पर यांत दोन. दोन्ही वेळा मी मिसळीचे पैसे मुलाकडे पाठवले आणि त्या चौघांनी ते खाऊन टाकल्याचे छायाचित्र मला आले. दर महिनाअखेर आमचा फोन होई. पूर्वी आमचे फोन दीड मिनिटात संपत : जेवलास का, पाऊस आहे का, आईला देतो. आता तो विचारी, "पागोट्याला कुठला लाल वापरलात?" आणि अर्धा तास जाई. ऑगस्टात त्याचाच आकडा चुकला. आवाज पडलेला होता. नोकरीत काही बिनसले होते, ते त्याने पागोट्याच्या लाल रंगावरून बोलता बोलता सांगितले. आईलाही सांगितले नव्हते. मी उपदेश केला नाही. हे लिहिताना मला स्वतःचाच थोडा अचंबा वाटतो, कारण उपदेश हा माझा पेशा आहे. आमच्या शाळेशेजारच्या कन्नड शाळेतील मुख्याध्यापकांना एकदा तुकड्या दाखवल्या, तर ते म्हणाले, "सर, बेळवडीची मल्लम्मा पण पाहिजे." म्हणणे रास्त होते. साचा मिळाला नाही. तोपर्यंत एका मावळ्याच्या हाती ढाल ठेवून त्याला पदर रंगवण्याचा माझा प्रयत्न हास्यास्पद झाला. पुढील वर्षी पाहू.

ऑक्टोबरला मी आकडा बोललो सात. सर्वांना नवल वाटले, कमी कसा. घोडे रंगवायला वेळ लागतो एवढेच मी सांगितले. ते खरेही होते. जुन्या स्वारांत एक पांढरा, दोन काळे, बाकी तांबडे, असे मला आठवत होते; त्याप्रमाणे रंगवले. पांढऱ्यावर प्रतापराव. आयाळीच्या खाली निळसर सावली द्यायला मी मुलाकडूनच शिकलो होतो, पण कशासाठी विचारतो आहे ते सांगितले नाही.

दिवाळीला तो वसुबारसेच्या रात्री आला. सकाळी चहा घेऊन पेरूखाली गेला. मी गल्लीतल्या तीन पोरांना हाताशी धरून विटा, गोणपाट, लाल माती असा डोंगर उभा केला होता. तुकड्या जागोजागी लावल्या होत्या, आणि खिंडीत ते सात. मी ओसरीतून पाहत होतो. तो उकिडवा बसला. बराच वेळ बसला. मग पांढरा घोडा उचलून त्याने उजेडाकडे धरला, फिरवला.

"जुन्या पांढऱ्याचा डावा कान मोडका होता," तो म्हणाला.

मी ते साफ विसरलो होतो. "होय?" एवढेच म्हणालो.

त्याने घोडा पुन्हा खाली ठेवला, खिंडीच्या अगदी तोंडाशी, इतर सहांच्या वीतभर पुढे. मग मातीवर बोट दाबून पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, आळीव कधी पेरलं? अजून वर आलं नाही. पाणी कमी पडलंय बघा."