तोंड एकमेकांकडे हवे

आमच्या घरी टीव्ही आला तो १९८५ साली. पुण्याजवळ सिंहगडावर १९७३ मध्येच प्रक्षेपण सुरू झाले होते, पण पुरंदर तालुक्यातल्या आमच्या वाडीपर्यंत टीव्ही यायला तेवढा वेळ लागला. अँटेना फिरवायला मी पत्र्यावर आणि धाकटा भाऊ दारात. मी विचारायचे, "आलं का?" त्याने आतून ओरडायचे, "मुंग्याच हायेत दादा! जरा गडाकडं कर!" अँटेनाचे तोंड सिंहगडाकडे झाले की चित्र लख्ख.

पुढे हाच धाकटा माझ्याशी बोलेनासा झाला. कारण सांगायला नको; शेतकऱ्याच्या घरात बांधाशिवाय दुसरे काय असणार? २०१४ सालापासून दोन्ही घरांत बोलणे बंद.

२०२० साली टाळेबंदी आली आणि कॉलेजे बंद झाली. पुतणीचे शिक्षण मोबाईलवर सुरू झाले. भावाचे घर मळ्यात, माझ्या घरापासून दीडशे मीटरवर. तिथे मोबाईलला रेंज नाही. माझे घर रस्त्याकडेला, म्हणून फायबरची वायर आलेली. पोर रोज सांजच्याला येऊन आमच्या ओट्यावर बसायची. जुलैतल्या एका रात्री पाऊस लागला होता. ही डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन वहीत काही उतरवून घेत होती. मी म्हटले, "आत ये की गं." ती म्हणाली, "नको आप्पा, बाबांना आवडायचं नाही." त्या रात्री मला जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सासवडच्या बाजारातून लहरींचा जोर वाढवणारे यंत्र आणले. त्याला अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. लावल्यावर भावाच्या अंगणात मोबाईलवर सगळ्या रेघा भरलेल्या, पण धडा काही उघडेना. वाडीतला टीव्ही दुरुस्त करणारा पोरगा हसला. म्हणाला, "आप्पा, तुमचा राउटर आता बोंब मारतोय, ती मोबाईलला ऐकू येते. पण मोबाईलचं बारीक बोलणं राउटरपर्यंत कुठं पोचतंय? आन् जोरालाबी कायदा हाय." खरेच आहे. आपल्याकडे वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी बिनपरवाना वापरता येतात, पण अँटेनासकट त्यांचा जोर ४ वॉटच्या आत ठेवावा लागतो.

मग मी राउटर घरातच ठेवून पत्र्यावर अँटेना उभी केली आणि दहा मीटर पातळ वायर सोडली. तेही फुकट गेले. अशा वायरीत साधारण तीन मीटरमागे निम्मा जोर जिरतो. गळक्या पाटाने पाणी न्यावे तसला प्रकार. म्हणून यंत्र अँटेनाजवळच बसवावे आणि खाली नेटवर्कची वायर आणावी. ती शंभर मीटरपर्यंत चालते.

त्या पोराने आणखी एक गोष्ट समजावली. अँटेना नवी ताकद तयार करत नाही, आहे ती वळवते. तुषार सिंचनाने पाणी चहूकडे उडते. त्याच पाण्याला नोझल लावले की एकीकडे लांब जाते. शिवाय अशी अँटेना त्या दिशेचे ऐकतेही चांगले. तेव्हा अशी दोन यंत्रे घ्यायची, एक या घरावर, एक त्या घरावर, समोरासमोर. मधे आडकाठी नको.

आडकाठी होती. बांधावरचा आंबा, वडिलांनी लावलेला. ओली पाने या लहरी पिऊन टाकतात. फांद्या तोडायचा विचार क्षणभर मनात आला, पण त्याच बांधावरून एवढे महाभारत झालेले! पाहणी केली तेव्हा दिसले की भावाच्या गोठ्याच्या कोपऱ्यावर यंत्र बसवले तर रेघ आंब्याच्या बाजूने मोकळी जाते. नुसती नजर जाऊन भागत नाही. एवढ्या अंतराला मध्यावर आजूबाजूला निदान दीड मीटर मोकळे लागते. तेवढे मिळत होते.

पण गोठा भावाचा. कुणाकरवी निरोप धाडावा असे वाटले, मग मीच गेलो. म्हटले, "पोरीसाठी तुझ्या गोठ्यावर चढायचंय." तो काही बोलला नाही. आत गेला आणि शिडी घेऊन आला.

मी गोठ्यावर, तो खाली, पुतणी मोबाईल घेऊन दारात. मी यंत्र फिरवत विचारले, "आलं का?" खालून आवाज आला, "न्हाई अजून. जरा डावीकडं कर, दादा." सहा वर्षांनी 'दादा' ऐकले. मी मान वर केली नाही. पान्ह्याने नट आवळत राहिलो.

गोठ्यावरून वायर घरात नेऊन तिथे छोटा राउटर लावला. पोर घरात बसून शिकली, पदवीधर झाली. खांबांना अर्थिंग केले आहे. वळवाचा गडगडाट सुरू झाला की दोन्ही घरी वायरी काढून ठेवतो, आणि त्यासाठी एकमेकांना हाक मारावीच लागते. बांधाची मोजणी अजून व्हायची आहे. होईल तेव्हा होईल.

कुणाला घरापासून मळ्यापर्यंत वाय-फाय न्यायचे असेल तर जोर वाढवण्यात पैसे घालू नका. आधी दोन्हीकडची तोंडे समोरासमोर करा. मला हे कळायला सहा वर्षे लागली.