मॉरिशसमधील घर आणि मुलें

बेट म्हटलें कीं आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढें नारळीचीं झाडें, निळें पाणी आणि निवांतपणा येतो. चार दिवसांसाठीं येणाऱ्या प्रवाशाला दिसतेंही तेंच. परंतु ज्या घरांत सकाळीं मुलांचे डबे भरावयाचे असतात, ओले कपडे वाळवावयाचे असतात आणि अपरात्रीं ताप आला तर डॉक्टर गांठावयाचा असतो, त्या घराला बेट निराळेंच दिसतें. मॉरिशसमध्यें दोन लहान मुलांसह संसार करतांना आम्हांस जें दिसलें, त्यांतील कांहीं वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हिंदी महासागरांत, मादागास्करच्या पूर्वेस आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें वीस अंशांवर हें बेट वसलें आहे. मुख्य बेटाचें क्षेत्रफळ सुमारें १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथाईहूनही थोडें कमी. १५९८ सालीं डचांनीं त्याला आपल्या राजपुत्राचें नांव दिलें; १७१५ मध्यें तें फ्रेंचांकडे आणि १८१० मध्यें इंग्रजांकडे गेलें; १२ मार्च १९६८ रोजीं तें स्वतंत्र झालें. या इतिहासाची खूण मुलाच्या दप्तरांत रोज सांपडते. शाळेचीं बहुतेक पुस्तकें इंग्रजी, घरीं येणारें वर्तमानपत्र फ्रेंच, आणि खेळाच्या मैदानावरची बोली क्रिओल. या तिहींत चौथी भाषा आमची.

आमचें बिऱ्हाड क्वात्र बोर्न या गांवीं आहे. बेट लहान असलें तरी हवा एकसारखी नाहीं. मध्यावरील पठारावर, सुमारें ५५० मीटर उंचीवर, क्यूरपीप शहर आहे. तेथें पावसाची भुरभुर इतकी कीं मुलांच्या दप्तरांतून छत्री म्हणून काढूं नये. तेथून अर्ध्या तासाच्या वाटेवर पश्चिम किनारा कोरडा, तापलेला. त्यामुळें रविवारीं समुद्रावर जावयाचें कीं नाहीं, हें आपल्या अंगणांतील आभाळ पाहून ठरवितां येत नाहीं.

वर्षाचें चक्र तर सर्वस्वीं उलटें फिरतें. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत उन्हाळा, मेपासून ऑक्टोबरपर्यंत हिंवाळा. दिवाळी उन्हाळ्याच्या तोंडावर येते, आणि संक्रांतीचा तिळगूळ ऐन उकाड्यांत वाटावा लागतो. गणपति येतात तेव्हां आपल्याकडे भाद्रपदाच्या सरी असतात. येथें हवा कोरडी, गार, आणि शेतांतून ऊंसतोड चाललेली. आंबे पिकतात डिसेंबरच्या सुमारास, आणि गुलमोहरही तेव्हांच पेटतो. गुलमोहर मूळचा शेजारच्या मादागास्करचा. म्हणजे आपल्या गांवीं तोच परका, येथें तो जवळजवळ घरचाच! आमच्या लहानपणीं गुलमोहर फुलला कीं मोठी सुट्टी आली असें समजत असूं. येथील मुलेंही तसेंच समजतात. महिने बदलले, खूण तीच राहिली.

आकाशाचेंही तसेंच. थोरल्याला ध्रुवाची कथा सांगून झाल्यावर त्यानें साहजिकच विचारलें, "मग तो तारा कोणता?" दक्षिण गोलार्धांतील या बेटावरून ध्रुवतारा क्षितिजाच्या वर येतच नाहीं. अढळपदाची कथा सांगावी आणि अढळपद दाखवितां येऊं नये, अशी ही अडचण. तिला उपाय मात्र आकाशानेंच दिला. देशीं असतांना अगस्त्याचा तारा दक्षिणेस खालीं लवलेला पाहावा लागतो. येथें तो उन्हाळ्याच्या रात्रीं चांगला उंच चढतो, आणि त्रिशंकुही स्पष्ट दिसतो. ध्रुवाची कथा ऐकीव राहिली. परंतु दक्षिणेकडे निघून गेलेल्या आणि पुनः न परतलेल्या ऋषींची कथा मुलांनीं ओट्यावर बसून, बोट दाखवून ऐकली.

स्वयंपाकघरांत परकेपणा फार दिवस टिकत नाहीं. बाजारांत शेवग्याचा पाला जुड्या बांधून मिळतो. येथील लोक त्याचें पातळ सार करून भाताबरोबर खातात. अळूचीं पानें मिळतात, नीरफणस मिळतो, कोंवळा फणस भाजीसाठीं चिरून मिळतो, कढीलिंब मिळतो. रस्त्याच्या कडेला वाटल्या डाळीचे लहान तिखट वडे तळून देतात, त्यांना 'गातो पिमां' म्हणतात. आणि दालपुरी तर सर्व जातिधर्मांच्या लोकांचें खाणें झालें आहे. पुरणपोळींत गूळ न घालतां ती तिखट कालवणाशीं खावी, तसा कांहींसा हा प्रकार लागतो. धाकटीला ती इतकी आवडते कीं पोळीपेक्षां तिचाच आग्रह अधिक.

समुद्र हा येथील मुलांचा दुसरा वाडा. बेटाभोंवतीं बहुतेक ठिकाणीं पोंवळ्यांची भिंत आहे. मोठ्या लाटा तिच्यावर फुटतात आणि आंतलें पाणी उथळ, शांत राहतें. चार वर्षांचें मूलही तेथें कंबरभर पाण्यांत निर्धास्त डुंबतें. फ्लिक-आं-फ्लाक येथें सुरूच्या झाडांखालीं रविवारीं कुटुंबेंच्या कुटुंबें भाताचीं पातेलीं घेऊन येतात, सायंकाळीं कोणी 'रावान' नांवाचें मोठें डफ शेकोटीवर तापवितो, आणि सेगा नृत्य सुरू होतें. तथापि आईबापांना दोन गोष्टी ठाऊक असल्या पाहिजेत. एक, मुलांना अनवाणी पाण्यांत सोडूं नये. समुद्री साळूंचे कांटे आणि दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा तळाशीं असतो. दुसरी, दक्षिणेस सुइयाकजवळ ग्री-ग्री येथें पोंवळ्यांची भिंत नाहीं. तेथें समुद्र पाहावा, त्यांत उतरूं नये.

उन्हाळ्यांत वादळांची धास्ती असते. त्यांच्या सूचनेचे चार वर्ग ठरलेले आहेत. ताशी १२० किलोमीटर वेगाचे झोत नोंदले गेले कीं चौथा वर्ग लागतो. त्याआधींच पाणी भरणें, मेणबत्त्या काढणें, अंगणांतील कुंड्या आंत घेणें, हीं कामें उरकावीं लागतात. फेब्रुवारी १९६० मध्यें 'कॅरोल' वादळानें बेटावरील लांकडाचीं आणि पत्र्याचीं असंख्य घरें जमीनदोस्त केलीं; हल्लींचीं सपाट छपरांचीं काँक्रीटचीं घरें ही त्याच आपत्तीची शिकवण आहे. मुलांना सर्वांत आधीं शिकवावें लागतें तें हें, कीं वारा एकाएकीं थांबला म्हणजे वादळ संपलें असें नव्हे. तो वादळाचा डोळा असूं शकतो. थोड्या वेळानें वारा उलट्या दिशेनें परत येतो. आमच्या थोरल्याकडे बादल्या भरण्याचें आणि धाकटीकडे मेणबत्त्या मोजण्याचें काम असतें. हातांत काम असलें म्हणजे मुलें भीत नाहींत, हें आम्ही येथेंच पाहिलें.

वादळानंतर तीच मुलें कुंड्यांच्या ताटल्या पालथ्या घालीत फिरतात. सांचलेलें पाणी येथें हलक्यानें घेत नाहींत, आणि त्याला कारण आहे. १८६६ ते १८६८ या काळांत हिंवतापानें या बेटावर हजारों माणसें नेलीं. पुढें १९०७ सालीं खुद्द रोनाल्ड रॉस तपासणीसाठीं येथें आले होते. २००५-०६ मध्यें चिकनगुन्याची मोठी साथ आली. लहान मूल असलेल्या घरानें हा इतिहास विसरूं नये.

आतां भाषेविषयीं. आमच्या मनाला खरी चिंता होती ती हीच.

क्रिओल ही मोठी लाघवी बोली आहे. फ्रेंच शब्दांतील उपपद तिनें शब्दांतच मुरवून टाकलें: पाण्याला 'दिलो', भाताला 'दिरी', समुद्राला 'लामेर', घराला 'लाकाझ'. मूल ती शिकत नाहीं, मुलाला ती लागते. वर्षभरांत आमची धाकटी मराठी समजे, पण उत्तर क्रिओलमध्यें देई. आमचें घड्याळ भारताच्या दीड तास मागें आहे. पुण्यास आजीची जेवणें आटोपलीं कीं येथें दिवेलागण सरलेली असते, तेव्हां दूरध्वनि होतो. एके दिवशीं नात भराभर बोलत होती आणि आजी नुसती "हो का, हो का" म्हणत होत्या. एकही शब्द त्यांना कळत नव्हता. आजी आणि नात यांच्यामध्यें दुभाषी बसवावा लागला, तर तें घर मराठी राहिलें असें कसें म्हणावें?

याचें उत्तर आम्हांस अनपेक्षित ठिकाणीं मिळालें. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं 'ॲटलास' जहाजानें करारावर बांधलेले हिंदी मजूर या बेटावर आणले. त्यानंतर १९२० पर्यंत सुमारें पांच लाख माणसें पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलीं. त्या धक्क्याच्या सोळा पायऱ्या 'आप्रवासी घाट' या नांवानें जपलेल्या असून २००६ सालीं त्यांची गणना जागतिक वारशांत झाली. बहुसंख्य मजूर कलकत्ता आणि मद्रास या बंदरांतून आले. थोडे मुंबईहून, आणि त्यांत रत्नागिरी व दक्षिण कोंकणचे पुष्कळ. त्यांचे वंशज आजही येथें आहेत. पश्चिमेस कास्काव्हेल गांवीं त्यांची चांगली वस्ती आहे. सरकारी प्राथमिक शाळांतून मराठी शिकण्याची सोय आहे, आणि गणेशोत्सवाची सार्वजनिक सुट्टी साऱ्या देशाला असते.

अशाच एका घरीं गणपतींत आम्हांस बोलावणें आलें. घरांतील वृद्ध बाई आमच्याशीं क्रिओलमध्येंच बोलल्या. मराठी संभाषण त्यांच्या घरांतून दोन पिढ्यांमागेंच गेलें होतें. परंतु रात्रीं ढोलकी वाजूं लागली, मंडळींनीं फेर धरला आणि कोंकणांतील जाखडी सुरू झाली. तिला ते 'झाकरी' म्हणतात. त्याच बाई एकामागून एक गाणीं म्हणत होत्या, उच्चार जुने आणि स्वच्छ. मध्येंच त्या थांबल्या आणि आमच्या थोरल्याला एका शब्दाचा अर्थ विचारला. त्यानें तो सांगितला. बाईंनीं त्याला जवळ ओढलें, हातीं टाळ दिले आणि ताल धरावयास शिकविलें. त्याला शब्द येत होता, गाणें येत नव्हतें; त्यांना गाणें येत होतें, शब्द निसटला होता. आम्हां शिकल्यासवरल्या लोकांना वाटतें कीं भाषा पुस्तकांत राहते. ज्यांच्या पूर्वजांजवळ पुस्तक नव्हतें, सुट्टी नव्हती आणि परतीचा भरंवसाही नव्हता, त्यांनीं ती नाचणाऱ्या पायांत आणि मोदकाच्या पातेल्यांत ठेवली, म्हणून एवढी तरी उरली. बोलणें मात्र त्यांनाही राखतां आलें नाहीं, हेंही विसरून चालणार नाहीं.

जें बादल्यांच्या बाबतींत खरें, तेंच भाषेच्या बाबतींतही खरें असावें असें त्या रात्रीं वाटलें. या बेटानें त्याचें उदाहरणही दिलेलें आहे. जुलै २०२० मध्यें 'वाकाशिओ' नांवाचें जहाज आग्नेय किनाऱ्यावरील पोंवळ्यांवर चढलें, आणि ऑगस्टमध्यें त्यांतून सुमारें हजार टन तेल समुद्रांत सांडलें. तेव्हां लोकांनीं उंसाचें पाचट कापडांत भरून लांबच लांब तरंगते बांध शिवले. त्या कामांत ज्यांचे हात लागले, त्यांना समुद्र आपला आहे हें व्याख्यान देऊन सांगावें लागणार नाहीं.

म्हणून घरीं आम्ही "मराठींत बोल" हा धोशा बंद केला आणि कांहीं कामें मराठीला नेमून दिलीं. दिवेलागणीचा परवचा मराठींत. खोबरें खवणें, चटणी वाटणें, अळू चिरणें यांवेळचें बोलणें मराठींत. आठवड्यांतून एकदां आजीला पत्र, त्यांत धाकटीनें काढलेल्या चित्राखालीं निदान एक शब्द तिच्या हातचा. गणपतींतील आरतीच्या वेळीं टाळ थोरल्याकडे. बाकीचा दिवस क्रिओलचा, इंग्रजीचा, फ्रेंचचा. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. ज्या मातींत मूल वाढतें, तिची बोली त्याला आलीच पाहिजे.

याचें फळ काय मिळेल, हें पुढील पिढी सांगेल. आज एवढेंच दिसतें कीं आजीच्या दूरध्वनीला दुभाषी लागत नाहीं. शनिवारीं बाजारांत भाजीवालीकडे धाकटी 'ब्रेद सोंज' मागते, आणि घरीं येऊन तीच जुडी ओट्यावर ठेवीत म्हणते, "आई, अळू आणलें."