शाईचा पेन आणि चिपाडाचा कागद

बियाणे घेताना आपण मूठभर दाणे हातावर घेऊन निरखतो, एखादा दाताखाली चावूनही बघतो. वही घेताना मात्र वरचे चित्र पाहतो आणि पिशवीत टाकतो. ज्या वहीत पेरणीची तारीख, मजुरांची हजेरी, उधार-उसनवार आणि दुधाचे खाडे लिहायचे, तिचा कागद कसा आहे हे कोणी बघत नाही.

विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव फिरताना माझ्या खिशाला शाईचा पेन असतो. तरुण मंडळी गालात हसतात. मी त्यांना सांगतो, बाबांनो, तुमचा बॉलपेन संपला की उकिरड्यावर जातो आणि शेणखताच्या गाडीतून पुन्हा तुमच्याच वावरात येतो. खताच्या ढिगातून अशा कांड्या मी पुष्कळदा वेचल्या आहेत. माझा पेन बारा वर्षे तोच आहे. शाई संपली की भरायची, एवढेच.

अडचण येते ती कागदाची. हलक्या कागदावर शाई फुटते आणि पाठीमागे उमटते. आपल्या आकड्यांत १ ला गाठ आहे आणि ९ लाही. ती शाईने बुजली की दोघे जुळे भाऊ दिसतात. एका गावी दूध घालणाऱ्या एका वहिनींनी मला आपली वही दाखवली. पंधरवड्याचा हिशेब संकलन केंद्राशी जुळेना. ५.१ लिटर की ५.९, हे त्यांचे त्यांनाच वाचता येईना. मग भांडायचे कशाच्या जोरावर? केंद्राचा आकडा मुकाट्याने मान्य करावा लागला. वही म्हणजे आपल्या बाजूचा साक्षीदार. तोच बोबडा निघाला तर काय उपयोग?

शाई का फुटते ते समजून घेऊ. कागद म्हणजे वनस्पतींच्या बारीक तंतूंची दाबलेली चटई. वात जशी तेल ओढते, तसे हे तंतू शाई ओढतात. म्हणून कागद बनवताना त्याला राळ, स्टार्च यांसारख्या पदार्थांची खळ देतात. खळ नीट बसली असेल तर शाई जागच्या जागी वाळते. बिनखळीचा कागद म्हणजे टिपकागदच!

आपल्या जुन्या कारागिरांना हे ठाऊक होते. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी तिकडे हलवली, तेव्हापासून तेथे कागद करणारे वसले असे सांगतात. जुने कागदी चिंध्यांचा लगदा करून ताव काढत, खळ लावत आणि गुळगुळीत दगडाने घोटत. घोटलेल्या कागदावर बोरू लोण्यासारखा चाले. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली हातकागद संस्था निघाली, तीही चिंध्यांपासून कागद करण्यासाठी नावाजली. यात झाड तुटत नाही. पण हातकागद रोजच्या हिशेबाला परवडत नाही.

मग परवडणारा आणि झाडे वाचवणारा कागद कोणता? तो आपल्याच पिकांत आहे. तमिळनाडूत करूरजवळ १९८४ पासून उसाच्या चिपाडाचा कागद निघतो. चिपाडाबरोबर तेथे लाकडाचा लगदाही वापरतात. पंजाबात बर्नाळ्याला गव्हाच्या काडाचा कागद होतो. असा कागद साध्या छपाईच्या रिमांत मिळतो आणि चांगली खळ असेल तर शाईला उत्तम चालतो. मात्र चिपाड फुकट पडलेले नसते, साखर कारखान्याचे ते जळण आहे. ते कागदाला घेतले की बॉयलरला दुसरे जळण द्यावे लागते. तेव्हा वेष्टनावर हिरवे पान छापले म्हणून सगळेच पुण्य पदरात पडले असे समजू नये. रद्दीपासून पुन्हा केलेला कागदही चांगलाच. पण दर वेळी लगदा करताना तंतू आखूड होतात, आणि खळ कमी पडली तर शाई फुटते. त्यावर पेन्सिलीने लिहावे.

परीक्षा सोपी आहे. दुकानात आपला पेन घेऊन जा आणि एक सुटा ताव मागून घ्या. त्यावर १, ९ आणि ‘ळ’ लिहा. मग निब टेकवून पाच आकडे मोजा. ठिपक्याला मुळ्या फुटल्या नाहीत आणि पाठीमागे डाग उमटला नाही, तर कागद घ्यावा. वजनही बघा. ८० जीएसएमच्या ए-४ रिमचे ५०० ताव सुमारे अडीच किलो भरतात. फारच हलके रीम लागले तर कागद पातळ आहे असे समजा. निब बारीक ठेवा, म्हणजे शाई कमी लागते.

बांधीव वहीपेक्षा रीम स्वस्त पडते. २० ताव मधोमध दुमडा, घडीवर दाभणाने तीन भोके पाडा आणि जाड दोऱ्याने शिवा. ८० पानी वही तयार! एका रिमीत अशा २५ वह्या होतात. वर जुन्या पिशवीचा पुठ्ठा लावा. पोरे हौसेने करतात. पावसाळ्यात दमट कागदावर चांगली शाईही फुटते, म्हणून वही कोरड्या डब्यात ठेवा. आणि एका बाजूने कोरे असलेले जुने कागद कच्च्या टिपणाला वापरा, कारण त्यांच्याइतका स्वस्त आणि निर्दोष कागद दुसरा नाही.

दिवाळीच्या पाडव्याला आपण वहीची पूजा करतो. यंदा हळद-कुंकू वाहण्याआधी तिच्या शेवटच्या पानावर शाईने चार आकडे लिहून पाहा, आणि पान उलटून बघायला विसरू नका.