टाचेचे दुखणे आणि अनवाणी चाल

ढाणकीच्या बाजारपेठेत दुकानदाराचा दिवस फरशीवर उभे राहण्यात जातो. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकताच टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते. चार पावले चालल्यावर ती ओसरते, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते.

एक्स-रेमध्ये टाचेचे वाढलेले हाड दिसले की घर घाबरते. मात्र वेदना बहुधा त्या हाडाची नसून तळव्याच्या ताणलेल्या पट्ट्याची असते. असे हाड असूनही कधी न दुखणारी माणसे पुष्कळ आहेत. त्यामुळे शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते. पोटरीला व तळव्याला ताण देणारे व्यायाम, मऊ टाचेचे पादत्राण, आटोक्यातले वजन आणि विश्रांती यांनी बहुतेकांना काही महिन्यांत आराम पडतो. सूज, बधिरपणा किंवा रात्रीची वेदना असल्यास मात्र डॉक्टरांना दाखवावेच.

खरी अडचण श्रद्धेची असते. साधु-साध्वींच्या विहारात श्रावक पादत्राणे काढून चालतो आणि कळ तप मानून सोसतो. परंतु आजन्म अनवाणी चालणे हा महाव्रतींचा आचार आहे. श्रावकावर ते बंधन नाही. देह हे धर्माचे साधन होय. मऊ चपला घालून वर्षानुवर्षे विहारसेवा घडावी, हे एका दिवसाच्या हट्टाने कायमचे घरी बसण्यापेक्षा श्रेयस्कर.