पाचशे अक्षरं

गेल्या वर्षी माझा लेऑफ झाला तेव्हा हातात तीन महिन्यांचा पगार ठेवला होता. घरी मात्र दोन महिने सांगितलं नाही. सकाळी लॅपटॉप घेऊन कॅफेत बसायचं, अर्ज टाकायचे, नकाराचे मेल वाचायचे. त्याच दिवसांत मोबाइलवर, इंग्रजी अनुवादांतून, मला दू फू भेटला.

चिनी कवी, जन्म 712 सालचा. सरकारी नोकरीच्या परीक्षेत दोनदा नापास. त्यातली 747 सालची गोष्ट तर कमाल आहे. मुख्यमंत्री ली लिनफूने सगळ्याच उमेदवारांना नापास केलं आणि बादशहाला कळवलं, की बाहेर आता कुणी गुणी माणूस उरलेलाच नाही. हे वाचून मी कॅफेत एकटाच हसलो. एचआरच्या मेलची भाषा एवढी जुनी आहे तर!

तरी तो राजधानीतच, छांगआनमध्ये, रखडत राहिला. शेवटी 755 मध्ये एक किरकोळ पद मिळालं. त्या हिवाळ्यात तो बायकोमुलांना भेटायला फंगश्यानला निघाला. वाटेत लीशान डोंगर लागला. तिथे गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी बादशहाचा मुक्काम, मेजवान्या, गाणंबजावणं. घरी पोचतो तर रडारड. धाकटं पोर भुकेनं गेलं होतं.

या प्रवासावर त्याने पाचशे अक्षरांची कविता लिहिली. तो आकडा शीर्षकातच आहे. मला वाटलं, शेवट पोराच्या मरणावर होणार. तसं होत नाही. बाप म्हणून त्याला स्वतःची लाज वाटते, आणि मग आठवतं, की आपल्याला कर माफ आहे, सैन्यातली सक्तीची भरतीही माफ आहे. तरी आपल्यावर ही वेळ. ज्यांना यातलं काहीच माफ नाही, त्यांचं काय होत असेल?

मी तिथेच अडकलो. आमच्या मजल्यावर चहा देणारे काका कंत्राटी होते. मजला रिकामा झाला म्हणजे त्यांचंही काम गेलं असणार. त्यांना कोण देतंय तीन महिन्यांचा पगार! चार वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यायलो, आणि माझ्याकडे त्यांचा नंबर नव्हता. आडनावही माहीत नव्हतं.

त्या रात्री घरी फोन करून सगळं सांगितलं. आई आधी म्हणाली, "जेवलास का?" दुसऱ्या दिवशी जुन्या ऑफिसच्या सिक्युरिटीवाल्या दादांकडून काकांचा नंबर मिळवला. तो लागत नाही. अधूनमधून लावून बघतो.