चेसी खणखणीत आहे

८ ऑक्टोबर २०२३, रविवार. दोडामार्ग

आज जिप्सी बघितली. काजूच्या बागेत, आंब्याखाली, ताडपत्री पांघरून उभी. दोन पावसाळे तिथेच गेलेले. बॉनेटवर कुजक्या पाल्याचा थर, मागच्या सीटमधला काथ्या उपसून उंदरांनी संसार मांडलेला. नोंदणी डिसेंबर १९९८ची. जिप्सी किंग, १२९८ सीसीचं कार्बोरेटरवालं पेट्रोल इंजिन. २००० साली जिप्सीला फ्युएल इंजेक्शन आलं, त्याच्या आधीची ही. मला हीच हवी होती. कार्बोरेटर रानात दगडावर बसून उघडता येतो, जेट फुंकून परत बसवता येतो. इलेक्ट्रॉनिक पेटी बिघडली तर रानात नुसतं तिच्याकडे बघत बसायचं.

मिस्त्रींना कोल्हापुरातून मुद्दाम बरोबर आणलं होतं. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले आणि लहान हातोडीने चेसी ठोकत पुढून मागे सरकू लागले. मी पण आडवी झाले. टण्, टण्, टण्. घंटेसारखा स्वच्छ आवाज. मागच्या डाव्या पाट्याच्या हँगरपाशी आला तेव्हा बदलला. थप्प. ओल्या लाकडावर ठोकल्यासारखा. वीतभर पुढे गेल्यावर परत टण्. मिस्त्रींनी तेवढ्या वीतभर जागेला खडूने खूण केली आणि बाहेर आले. मग ड्रायव्हरच्या पायाशी स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. खालचं गवत दिसलं.

“पत्रा गेला तर पत्रा घालता येतोय ताई. चेसी गेली असती तर घ्या म्हटलं नसतं.”

बागायतदार काका म्हणाले, “उभी रवली म्हणान अशी दिसता. चालवणारो गावलो की बरी जातली.” दोन लाखांवरून एक लाख सत्तर हजारांवर आले. अकरा हजार इसार दिला.

घरी फोन केला. सासूबाईंचा पहिला प्रश्न, “पितृपक्षात इसार?” गाडी घटस्थापनेलाच दारात येईल, असा शब्द दिला.

१५ ऑक्टोबर, रविवार. घटस्थापना

आयशर टेम्पोत चढवून आंबोली-आजरामार्गे आणली. सासूबाईंनी चाकांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. तासाभराने गाडी उद्यमनगरात, मिस्त्रींच्या शेडमध्ये.

१८ ऑक्टोबर, बुधवार

कॉलेज सुटल्यावर थेट शेडवर. सीटा, रबरी मॅट, पेट्रोलची टाकी सगळं उतरवलंय. टाकी आधी का, असं विचारलं तर मिस्त्री नुसते वेल्डिंग मशिनकडे बोट दाखवून गप्प बसले.

मॅटखाली जे दिसलं त्याने जीव हळहळला. पूर्वी कधीतरी कुणीतरी गंजलेल्या पत्र्यावर फायबरचं कापड चिकटवून, वर पुट्टी ओढून, काळा रंग मारला होता. वरून गुळगुळीत. खाली पाणी कोंडून राहिलं आणि गंज पसरत गेला. पायाखालचा पत्रा पाणी निचरावं म्हणून भोकं ठेवूनच बनवलेला असतो. तीच भोकं पुट्टीने बुजवलेली. अशा कामाला मी दुरुस्ती म्हणणार नाही. ज्याने केलं त्याला गाडी विकायची होती, एवढंच त्यातून कळतं.

टिनकामवाल्याने ग्राइंडरने सगळं कापून काढलं. चांगला, चकाकता पत्रा लागेपर्यंत कापत गेला. हातभर लांब तुकडे बाहेर आले आणि बोटांत धरले की बिस्किटासारखे मोडत होते. आता १८ गेजचा नवा पत्रा, सीओटू वेल्डिंग, दोन हात रेड ऑक्साइड आणि निचऱ्याची भोकं होती तिथेच परत. चेसीला खडूची खूण होती तेवढा भाग कापून दोन्ही बाजूंनी जाड पट्टी घातली.

कॉलेजातला एक विद्यार्थी बघायला आला होता. मोठे रुंद टायर, पुढे लोखंडी गार्ड, छतावर लाइटची रांग, असं करूया म्हणाला. मी नाही म्हटलं. एक तर कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. दुसरं कारण माझ्या लेखी मोठं आहे. ही गाडी हजार किलोंच्या आसपासची आहे, जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच आहे, चिखलात ती हलकेपणामुळेच तरंगून निघते. तिच्यावर लोखंड लादलं की तिचा तो गुणच जातो. मूळचे २०५ रुंदीचे, पंधरा इंची टायरच येतील.

२४ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

खंडेनवमीची पूजा शेडमध्ये काल झाली, आज मी फुलं घेऊन गेले. पाने, पक्कडी, पुलर, टॉर्क पाना, सगळं धुऊन पुसून लाल कापडावर मांडलेलं, प्रत्येकावर हळदकुंकू. जिप्सी चारही चाकं काढून ठोकळ्यांवर. झेंडूची माळ बांधायला बंपरही जागेवर नव्हता, म्हणून स्टिअरिंगला बांधली. मिस्त्रींना सोनं दिलं आणि वाकून नमस्कार केला. माझ्या विषयात ज्यांच्याकडून शिकले त्या सरांना करते तसाच.

२ नोव्हेंबर, गुरुवार

आज कॉम्प्रेशन तपासलं. चारही प्लग काढले, एकेका भोकात गेज लावून सेल्फ मारला. पहिला १७५, दुसरा १७२, तिसरा १७५. चौथा ११०.

मिस्त्रींनी चौथ्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा सेल्फ मारला. तेल पिस्टनच्या कडेने बसून तिथली गळती तेवढ्यापुरती थांबवतं. म्हणजे आकडा उसळला असता तर रिंगा झिजल्या, सिलिंडरचं काम निघालं. काटा ११५वर थांबला. “रिंगा बऱ्या हायत. व्हॉल्व्ह धरंना झालाय. हेड खोलायलाच पायजे ताई.” एका चमचाभर तेलाने माझे निदान तीस हजार वाचवले. ही तपासणी मी वर्गात निदान कसं करावं म्हणून सांगणार आहे. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात, हो.

५ नोव्हेंबर, रविवार

हेड खाली आलं. चौथ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेला, कडेला नखाएवढा तुकडा उडालेला. तो नवा. बाकीचे सात घासून बसवायचे ठरले आणि ते काम मिस्त्रींनी माझ्या लेकीला दिलं. ती अकरावीत आहे. लाकडी दांड्याच्या टोकाला रबरी वाटी, ती व्हॉल्व्हला चिकटवायची, कडेला करडी पेस्ट लावायची आणि दोन तळव्यांत दांडा धरून रवी घुसळावी तसा फिरवायचा. अधूनमधून उचलायचा, थोडा वळवून परत टेकवायचा. आधी आवाज खरखरीत येतो. पेस्ट झिजत जाते तसा तो बारीक होत होत रेशमी होतो. मग पुसून बघायचं. कडेभोवती न तुटलेली, एकसारखी राखी रेघ दिसली पाहिजे. तिसऱ्या व्हॉल्व्हपासून तिला आवाजावरून कळायला लागलं. “आई, झाला हा,” म्हणायची आणि पुसला की रेघ पुरी असायची. शेवटी पोर्टमध्ये पेट्रोल ओतून ठेवलं. पंधरा मिनिटं एक थेंब झिरपला नाही.

तिच्या हातांचा वास अजून जात नाहीये. ती हात धुवायला पण तयार नाही.

१४ नोव्हेंबर, मंगळवार. पाडवा

खर्च लिहून काढला. टिनकाम आणि चेसी ४८,०००. इंजिन, टायमिंग बेल्ट, कार्बोरेटर, रेडिएटर धरून २४,०००. टायर, स्टेपनीसह पाच, ३०,०००. यातलं फोटोत दाखवावं असं काही नाही, टायर सोडले तर. रंग जुनाच पांढरा, जिथे वेल्डिंग झालं तिथेच नवा हात. मला ते पटलेलं आहे. पैसे खाली जावेत, वर उरले तर.

१९ नोव्हेंबर, रविवार

विश्वचषकाची फायनल. सगळं कोल्हापूर टीव्हीपुढे. मिस्त्री दुपारीच म्हणाले, “रस्ता मोकळा हाय, न्या आता.” गाडी पहिल्यांदा माझ्या हातात आली.

पहिला, दुसरा, तिसरा. इंजिन गोड बोलतंय. चाळीस, पन्नास. साठला एका खड्ड्यावरून चाक गेलं आणि स्टिअरिंग माझ्या हातातून निसटू बघायला लागलं. डावी-उजवी, डावी-उजवी, इतक्या जोरात की आरसा हलून आभाळ दाखवायला लागला. ब्रेक न मारता पाय काढला, वेग पस्तिसावर आल्यावर थांबलं. कडेला लावून पाच मिनिटं नुसती बसून राहिले. समोरच्या घरातून कॉमेंट्री ऐकू येत होती. समोरून एखादा डंपर येत असता तर, हा विचार डोक्यातून जाईना.

तीसच्या पुढे न जाता परत आणली. रात्री मॅचही हरलो.

२६ नोव्हेंबर, रविवार

दुखणं किंगपिनमध्ये निघालं. जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल एकसंध असतो. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी गोळा, त्यावर नकल फिरतो आणि नकलच्या वर-खाली एकेक, असे चार बेअरिंग. पाठीमागचं वर्तुळाकार सील फाटलं की पाणी आत शिरतं. आमच्या गाडीत ग्रीसच्या जागी लाल चिखल निघाला.

मिस्त्रींनी बेअरिंगचा बाहेरचा कप माझ्या हातात दिला. “आत बोट फिरवा.” डोळ्यांना काही दिसत नव्हतं. बोटाला ओळीने खाचा लागल्या, प्रत्येक रोलरची एक. हे बेअरिंग कधी पूर्ण फिरत नाही, स्टिअरिंग वळेल तेवढंच इकडून तिकडे होतं. वर्षानुवर्षं गाडी सरळ जाताना रोलर एकाच जागी आदळत राहिले आणि तिथे बसायला खड्डे पडले. त्यात ढिलेपणा आला आणि ढिल्या चाकाला धक्का बसला की ते थरथरत सुटतं. पुण्याच्या नाना पेठेतून चारही बेअरिंग, सीलं, टायरॉड एंड मागवले होते, ते काल आले.

बसवताना पातळ शिमा घालून आवळपणा जमवायचा असतो. तो मोजायला मिस्त्रींनी शेजारच्या भंगारवाल्याचा हातकाटा आणला. त्याचा आकडा नकलच्या भोकात अडकवून ओढायचं आणि नकल हलायला लागताना काटा कुठे आहे ते बघायचं. फार ढिला, शीम काढली. फार घट्ट, परत घातली. चौथ्या खेपेला दीड किलोपाशी हलला. दोन्ही बाजूंना सारखाच. संध्याकाळी हायवेला ऐंशीवर हात हलका धरून बघितलं. सरळ रेषेत गेली.

११ डिसेंबर, सोमवार

आरटीओ. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते आणि हिची याच महिन्यात संपत होती. नाव मागच्या महिन्यातच माझ्यावर झालं, आज पुनर्नोंदणीची तपासणी. फी ५,०००, पर्यावरण कर वेगळा. चेसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि अक्षरं उमटली. पंचवीस वर्षांपूर्वी ठोकलेली, एकही अस्पष्ट नाही. ब्रेक, दिवे, इंडिकेटर, धूर सगळं बघून साहेबांनी सही केली. २०२८पर्यंत काळजी नाही.

२४ डिसेंबर, रविवार. पाटगाव

गारगोटी, कडगाव, पाटगाव. वनखात्याच्या माणसांना भेटून, विचारून, भटवाडीपुढे रांगण्याच्या बाजूच्या रानवाटेला लागलो. रांगणा म्हणजे शिवरायांचा प्रसिद्धगड. डांबर संपलं तिथे थांबून दुसरा लिव्हर चार चाकांवर घेतला.

एक गोष्ट लेकीला आधीच बजावून ठेवली होती. सड्यावर गाडी घालायची नाही. डिसेंबरात सडा काळा, कोरडा, मेलेला दिसतो म्हणून लोक बिनधास्त गाड्या फिरवतात. पण गेंद आणि सीतेची आसवं ज्या बोटभर मातीत पुढच्या पावसाळ्यात उगवणार, ती माती तिथेच असते. एका चाकाने ती खरवडली की परत जमायला किती पावसाळे लागतील कोण जाणे. आहे ती वाट सोडायची नाही.

दुसऱ्या ओढ्यात अडकलो. पाणी घोट्याएवढंच, पण दगडांमुळे गाडी तिरकी झाली. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी, आणि फिरत होती तीच दोन. डिफरन्शिअल जोर नेहमी सोप्या वाटेने सोडतं, ज्या चाकाला अडवणूक नाही त्याला. पेट्रोल देऊन उपयोग नसतो. इंजिन बंद केलं. लेकीने उतरून ओढ्यातले चपटे दगड निवडले आणि मागच्या चाकाखाली हाताने रचले, पाट्याला हात लागेल इतके वर. मग लो रेंजचा पहिला गिअर, एक्सलरेटरला पाय न लावता, नुसता क्लच सोडला. दगड करकरले. गाडी मुंगीच्या पावलाने वर आली.

पलीकडे इंजिन बंद करून बसलो. भाकरी, खर्डा, कांदा. गरम एक्झॉस्टची टिकटिक आणि वर कुठेतरी धनेशाचे पंख.

उतरताना भटवाडीत एक आजी एसटीची वाट बघत होत्या. गुडघ्याचं औषध आणायला गारगोटीला निघालेल्या. लेकीने पुढची सीट सोडली. आजींनी चढताना दाराची चौकट हाताने ठोकून बघितली आणि म्हणाल्या, “दणकट हाय गं.”

२५ डिसेंबर, सोमवार

नाताळची सुट्टी. सकाळभर गाडीखाली. पाइपने पाण्याचा झोत मारून पाट्यांमधला, चेसीच्या खोबणीतला लाल चिखल काढला. निचऱ्याच्या भोकांत तार घालून बघितली, सगळी मोकळी. उजव्या नकलच्या सीलखाली ग्रीसचा एक बारीक ओघळ आहे. मिस्त्रींना फोन केला. म्हणाले, नवं सील बसेपर्यंत थोडं सोडतंच, पुसून ठेवा आणि शनिवारी परत बघा.

पुसून ठेवलंय.